घरी काय लावलं?

"घरी काय लावलं?"

मामांच्या तोंडून हा प्रश्न आला की समोरच्या माणसाचा चेहरा चोरी पकडल्यासारखा व्हायचा. मामा तेव्हा जखमेकडे बघतसुद्धा नसत. डाव्या हातात जांभळ्या औषधाची बाटली, उजव्या हातात टोकाला कापूस गुंडाळलेली काडी, चष्मा कपाळावर चढवलेला आणि नजर थेट माणसाच्या डोळ्यांत. उत्तर मिळाल्याशिवाय काडी बाटलीत बुडत नसे.

"काही नाही लावलं, मामा."

"काही नाही?" मग मामा कमरेत वाकायचे आणि फोडाचा लांबूनच वास घ्यायचे. "तंबाखू. वर चुना. पान जमवायला बसला होतात काय?"

रांगेत हशा पिकायचा. ज्याचा फोड तो मान खाली घालून कबूल करायचा. मग कुठे मामा काडी बुडवायचे.

ही गोष्ट कॅम्पातली. उल्हासनगर हे नाव पाट्यांवर येऊन काही वर्षं झाली होती, पण आम्ही सगळे अजून कॅम्पच म्हणायचो. लढाईच्या वेळी सैनिकांसाठी बांधलेल्या बराकी, त्यांत सिंधमधून आलेली माणसं, आणि त्यांतल्याच एका बराकीत आमचा दवाखाना. मी बदलापूर गावातून रोज येत असे. मॅट्रिक होऊन नुकतीच ह्या दवाखान्यात चिकटले होते. काम केसपेपर लिहिण्याचं. नाव काय, वय किती, राहणार कुठे, काय होतंय, हे चार प्रश्न छापील होते. पाचवा मामांचा. तो मी त्यांच्या हुकमावरून खाली हाताने लिहायची आणि त्याचं उत्तरही तिथेच टिपायची.

मामा म्हणजे आमचे ड्रेसर. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं हे त्यांचं काम. दवाखान्यात अशा माणसाला मामा म्हणायची पद्धतच आहे; तुम्हीही कुठल्या तरी दवाखान्यात असे एखादे मामा पाहिले असतील. पण आमच्या मामांना डॉक्टरसुद्धा मामा म्हणत आणि थोडे बिचकूनही असत. डॉक्टर तरुण होते, कराचीत शिकलेले, फाळणीत हात हलवत इकडे आलेले. मामा त्यांच्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठे. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीच्या वहीत होतं. मीही ते तिथेच राहू देते.

मामांची दुसरी खासियत म्हणजे रेघ. जिथे सूज किंवा लाली असेल तिच्या कडेकडेने ते जांभळ्या औषधाची रेघ काढायचे आणि शेजारी तारीख, वेळ लिहायचे. दुसऱ्या दिवशी लाली रेघेच्या आत असली तर औषध लागू पडतंय, बाहेर सरकली तर दुखणं वाढतंय. एवढं सोपं. डॉक्टर आल्या आल्या विचारायचे, "मामा, लाइन के अंदर है?" मामांनी मान डोलावली की डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळायचे.

"माणूस थापा मारेल, बाई," मामा मला म्हणायचे. "रेघ नाही मारणार." आणि त्यांचा एक नियम होता. रेघ पुसायची नाही. वाकडी आली, चुकीच्या जागी आली, तरी पुसायची नाही. शेजारी दुसरी काढायची.

ह्या नियमाला अपवाद नव्हता. एकदा एका मुलाच्या गालावर गळू झालं. दुसऱ्या दिवशी त्याचं लग्न. मामांनी गालावर चांगली रुपयाएवढी गोल रेघ ओढली आणि खाली लिहिलं, सकाळी सव्वादहा. मुलाची आई हात जोडून म्हणाली, "मामा, कल शादी है, इसको मिटा दो!" मामा म्हणाले, "शादी होऊ द्या. रेघ राहील." पुढे त्या घरून मिठाई आली आणि लग्नाचा फोटोही आला. फोटोत नवरा मुलगा, नवरी मुलगी आणि गालावर सव्वादहा.

मामांचं कोणाशी वैर असेल तर ते जळववाल्या म्हातारीशी. बारवी नदीच्या अंगाला डोंगरात तिची वाडी होती. आठवड्यातून दोनदा ती यायची आणि आमच्या दवाखान्यासमोर चिंचेखाली बसायची. पुढ्यात मातीचं मडकं, मडक्यात चिखलपाणी, पाण्यात जळवा. सुजेला, मुरगळण्याला, गुडघ्याला लोक तिच्याकडून जळवा लावून घेत. लागली की जळू रक्त पिऊन फुगायची आणि आपोआप गळून पडायची. म्हातारी ती पानात घेऊन नीट गुंडाळायची आणि परत जाताना ओढ्यात सोडायची. एकदा रक्त प्यालेली जळू ती दुसऱ्या माणसाला कधी लावत नसे.

तिचं गिऱ्हाईक मधूनमधून आमच्या रांगेत यायचं. मग मामांचा आवाज मुद्दाम चढायचा, तो समोर चिंचेपर्यंत पोचावा म्हणून. "जळू लावली? डबक्यातला किडा अंगाला लावून घेतलात? उद्या बेडूकही बांधाल!"

तिकडून म्हातारी ओरडायची, "मामा, तुझ्या जांभळ्या शाईनं सूज उतरली असती तर मी इथं कशाला बसले असते रं?"

मामांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. एका पावसाळी दिवशी ह्या झोंबण्यानेच घात केला. मामांनी पट्टी बांधलेला एक माणूस सरळ रस्ता ओलांडून चिंचेखाली जाऊन बसला. मामांनी ते खिडकीतून पाहिलं आणि "अहो, अहो!" करत हातात काडी घेऊनच धावले. दवाखान्याला तीन दगडी पायऱ्या होत्या, शेवाळलेल्या. मामा पहिली उतरले. उरलेल्या दोन त्यांनी बसून पार केल्या.

घोटा मुरगळला. बघता बघता टम्म सुजला. रांग धावली, मीही धावले. चिंचेखालची म्हातारी जागची हलली नाही. तिथूनच म्हणाली, "दोन जळवा लाव, मामा. उद्या चालशील."

"मरेन," मामा चिखलात बसल्या बसल्या म्हणाले, "पण तुझी जळू लावणार नाही!"

हे वाक्य निदान चाळीस माणसांनी ऐकलं. पुढच्या सगळ्या प्रकाराचं मूळ त्यातच होतं.

मामांनी नोकरीत कधी खाडा केला नव्हता. ताप असला तरी यायचे, पेशंटपासून चार हात दूर उभे राहायचे आणि काडी लांब धरून रेघा काढायचे. त्यामुळे दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत, तिसऱ्याही दिवशी आले नाहीत, तेव्हा डॉक्टर अस्वस्थ झाले. दुपारी दवाखाना आटोपल्यावर मला म्हणाले, "बहनजी, मामा का घर मालूम है?" मला ठाऊक होतं. आम्ही दोघं अंबरनाथला गेलो. पश्चिमेला स्टेशनपासून जवळच एका चाळीत त्यांची खोली होती.

दारात मामी उभ्या होत्या. आम्हाला बघून त्यांच्या हातातला पेला निसटला. "अगंबाई, डॉक्टर!" असं त्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की आत काहीतरी धडपडल्याचा आवाज झाला.

आत मामा खाटेवर ताठ बसले होते. कमरेपासून पायापर्यंत जाड चादर. दिवस उकाड्याचे होते, मामांच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"मामा, पैर दिखाओ," डॉक्टर म्हणाले.

"उतरतेय सूज. बघण्यासारखं काही नाही. तुम्ही चहा घ्या."

"चादर तो हटाओ."

"थंडी वाजतेय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मामींकडे पाहिलं. मामी चहाला गेल्या आणि परत आल्या त्या चहाऐवजी मिठाची बरणी घेऊन. बरणी त्यांनी पदराआडून मामांच्या हातात दिली. मामांनी ती चादरीखाली घेतली आणि "तुमच्या कराचीला पाऊस कसा असतो हो?" असं विचारलं. डॉक्टर भला माणूस. ते कराचीच्या पावसाबद्दल बोलू लागले. कराचीला पाऊस फारसा नसतो, म्हणून ते लवकर संपलं. तेवढ्यात चहा आला. चादरीखाली मामांचा हात जोरजोराने काहीतरी चोळत होता आणि चेहरा मात्र कीर्तनाला बसल्यासारखा शांत होता.

परत येताना डॉक्टर म्हणाले, "नमक से सेंकते होंगे." मलाही तेच वाटलं. पायाला मिठाचा शेक देतात हे खरंच आहे. पण मिठाची बरणीच्या बरणी चादरीत नेऊन शेक देणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि त्यानंतरही नाही.

दोन दिवसांनी मामा कामावर हजर झाले. काठी टेकत आले आणि सवयीने पहिल्या पेशंटला म्हणाले, "घरी काय लावलं?" पण आवाजात दम नव्हता. घोट्याची सूज उतरायच्या ऐवजी पावलावर आली होती. चामडी लाल, तुकतुकीत. मामांनी स्वतःच तिच्याभोवती रेघ काढून ठेवली होती.

डॉक्टरांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू केलं. तेव्हा पेनिसिलिन म्हणजे रामबाण. एक दिवस झाला. "मामा, लाइन के अंदर है?" मामांनी मान डोलावली. दुसरा दिवस झाला. "लाइन के अंदर?" पुन्हा मान. पण मामांचे डोळे तापाने लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा बाकावर पाय लांब करून डोळे मिटून बसले होते. धोतर जरा वर सरकलं होतं. मी पाणी द्यायला गेले आणि पाहिलं. रेघ नडगीवर होती. काल ती घोट्याशी होती. घोट्याशी आता नुसता फिकट जांभळा डाग होता, स्पिरिटने घासून काढल्यासारखा. त्याच्या वरती आणखी एक तसाच डाग.

"मामा," मी म्हटलं, "रेघ पुसलीत?"

मामांनी डोळे उघडले. इकडेतिकडे पाहिलं. मग ह्या माणसाने, ज्याने एका आईला लग्नाच्या आदल्या दिवशी नाही म्हटलं होतं, माझ्यापुढे हात जोडले. "बाई, एवढं पोटात ठेवा. उद्या उतरेल. डॉक्टरांनी पाहिलं तर मुंबईला पाठवतील. तिथे पाय कापतात. एका पायाचा ड्रेसर कोण ठेवील? दिवसभर उभ्याचं काम आहे."

तेव्हाच मला दुसरी गोष्ट दिसली. घोट्याच्या बाजूला तीन बारीक खुणा होत्या, प्रत्येकीला तीन टोकं. मी बदलापूर गावची. आमच्याकडे भातलावणीच्या दिवसांत बायका चिखलातून बाहेर आल्या की पोटऱ्यांवर नेमक्या अशाच खुणा असतात. चादर, मिठाची बरणी, कराचीचा पाऊस, सगळं एकदम उलगडलं. हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण खुणांच्या भोवतीचं कातडं काळसर पडत चाललं होतं आणि त्यावर फोड धरले होते.

मी त्या दिवशी हे कोणाला सांगितलं नाही. हे मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही. त्या एका रात्रीत लाली चार बोटं वर चढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी विचारलं, "लाइन के अंदर?" मामांनी मान डोलावली आणि मी म्हटलं, "ही लाइन आजची आहे. कालची पुसलीय. परवाचीही."

डॉक्टर खाली बसले. धोतर वर सारून पाय पाहिला. दाबून पाहिला. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मामांना रागावायला हवं होतं, पण ते नुसतं म्हणाले, "मामा, आपने? आपने मिटाई?"

मग म्हणाले, "पेनिसिलिन काम नहीं कर रहा. क्यों नहीं कर रहा? मोच में तो जख्म नहीं होता. जर्म अंदर गया किधर से?" मामा भिंतीकडे बघत राहिले. डॉक्टरांनी खुणा पाहिल्या, पण भातलावणी त्यांनी कधी पाहिली नव्हती. ते म्हणाले, "किस चीज़ का जर्म है, पता चले तो दवा बदलूँ. नहीं तो कल सुबह बंबई. और बंबईवाले पैर रखेंगे कि नहीं, मैं नहीं बोल सकता."

मी तिथल्या तिथे सांगू शकले असते. पण मामा सरळ नाकारून बसले असते, हे मला पक्कं ठाऊक होतं. शिवाय खोटं कशाला सांगू, मनात थोडा रागही होता. इतक्या लोकांना ह्यांनी चारचौघांत बोलायला लावलं, आता ह्यांची पाळी. मी टेबलाशी जाऊन बसले आणि कोरा केसपेपर काढला.

"मामांचा केसपेपर काढायचा राहिलाय," मी म्हटलं. "मामा, नाव?"

"बाई, थट्टा करता काय?"

मी नाव लिहिलं. "वय?"

"बावन्न."

"राहणार?"

"अंबरनाथ पश्चिम. येऊन चहा पिऊन गेलात की!"

"काय होतंय?"

"पाय सुजलाय! दिसत नाही?"

मी तेही लिहिलं. मग लेखणी बाजूला ठेवली, चष्मा मला नव्हता म्हणून नुसतीच मान वर केली आणि मामांच्या डोळ्यांत पाहिलं.

"घरी काय लावलं?"

बराकीच्या पत्र्यावर कावळे चालत होते ते ऐकू येत होतं.

"काही नाही लावलं," मामा म्हणाले.

मग जे काही झालं! सबंध रांग खवळली. बराकीबाहेर शिलाई मशीन घेऊन बसणारी एक सिंधी अम्मां होती. बोटात सुई घुसली तेव्हा तिने त्यावर भाजलेला कांदा बांधला होता आणि मामांनी तिला "भाजी करायची होती का?" असं विचारलं होतं. ती सगळ्यांत पुढे सरसावली. "मामा! मैंने प्याज बोला था कि नहीं? सबके सामने बोला था! अब तुम बोलो!" मागून कोणीतरी ओरडलं, "वास घ्या, वास घ्या! कळेल!" तंबाखू-चुनावाला तर खरंच वाकून वास घ्यायला लागला.

मामा गर्दीकडे बघत होते. मी खुर्चीवरून उठून त्यांच्याजवळ गेले आणि हळूच म्हटलं, "मामा, पाय जाईल हो."

त्यांनी पायाकडे पाहिलं. पुसलेल्या रेघांकडे पाहिलं. ओठ हलले.

"बड़े आवाज में," अम्मां म्हणाली.

"जळवा लावल्या!" मामा गरजले. "तीन! त्या म्हातारीच्या! आमच्या मंडळींनी आणल्या, स्वतःच्या गुडघ्याला पाहिजेत म्हणून सांगून. झालं समाधान? आणि डॉक्टर आले म्हणून त्यांच्यावर मीठ टाकलं!"

"मेरे ऊपर?" डॉक्टर म्हणाले.

"जळवांवर हो! तुम्ही कराचीचा पाऊस सांगत होता तेव्हा!"

हशा असा उसळला की समोरची म्हातारी चिंचेखालून उठून आली. पण डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कपाळाला हात लावला आणि भराभर बोलू लागले. कॉलेजात त्यांना चिरफाडीसाठी बेडूक देत. एकदा टाकीतले सगळे बेडूक मेले, पाय लालभडक होऊन. त्यांच्या सरांनी तेव्हा सांगितलं होतं, हा साचलेल्या पाण्यातला जंतू आहे, जळवांच्या पोटातही तोच राहतो, आणि माणसाला सहसा काही करत नाही. मीठ पडल्यावर जळवा ओकल्या आणि पोटातलं सगळं मामांच्या जखमेत गेलं. ह्या जंतूला पेनिसिलिनची मुळी भीतीच नाही.

"जळू ओकवली?" म्हातारी दारातून म्हणाली. तिला सगळं कळायला थोडा वेळ लागला, पण हे नेमकं कळलं. "माझ्या जळवांवर मीठ घातलंस? अरं, पिऊन झाली की ती आपली आपण सुटते! तुला दोन घटका दम नाय निघाला? मेल्या असतील त्या!"

"मेल्या," मामा खालमानेने म्हणाले.

"आन तुला लाज नाय वाटली?"

"वाटतेय," मामा म्हणाले. मी त्यांना एवढं साधं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

डॉक्टरांनी तिथेच औषध बदललं. टायफॉइडवर नवं औषध निघालं होतं, ते कॅम्पात एका दुकानात मिळायचं. ते आणवलं. मागच्या खोलीत खाट टाकली आणि त्याच दुपारी डॉक्टरांनी पाय चिरून पू काढला, काळं पडलेलं मांस कापून टाकलं. मामांनी तोंडात पंचा धरला होता. मी दिवा धरला होता. जखम एवढी खोल होती की मी तोंड फिरवलं, तेव्हा मामाच पंचा काढून म्हणाले, "बाई, खाली बसा, नाहीतर तुमचाही केसपेपर काढावा लागेल."

शेवटी डॉक्टरांनी काडी घेतली, जांभळ्या औषधात बुडवली आणि गुडघ्याखाली रेघ काढली. "अब कोई नहीं मिटाएगा," ते म्हणाले. "कल सुबह देखेंगे."

सकाळी मी आले तेव्हा डॉक्टर माझ्याआधी येऊन खाटेशी बसले होते. लाली रेघेपाशी येऊन थांबली होती. एक केसभरही पुढे नव्हती. दुसऱ्या दिवशी ती बोटभर मागे हटली. डॉक्टरांनी शेजारी दुसरी रेघ काढली. मामा म्हणाले, "वेळ लिहा. तुम्ही नेहमी वेळ विसरता." तेव्हा आम्हाला समजलं की मामा वाचले.

डॉक्टरांनी पुवाचा नमुना नळीत घालून मुंबईला पाठवला होता. त्याचं उत्तर यायला बरेच दिवस लागले. उत्तरात जंतूचं लांबलचक नाव होतं आणि हा पाण्यात आढळतो, बेडकांना होतो, असंही होतं. डॉक्टरांचे सर बरोबर निघाले. तोवर मामा खाटेवर बसून जेवायला लागले होते. रांगेतली माणसं मागे डोकावून विचारायची, "मामा, बेडकाचं दुखणं कसं आहे?" अम्मांने त्यांना रोज कढी पाठवली आणि बरोबर एक भाजलेला कांदा, आठवणीने. म्हातारी एकदा येऊन पायाशी उभी राहिली. जखम नीट बघितली. "चांगलं कापलंय," म्हणाली. डॉक्टरांना त्या शेऱ्याचा फार आनंद झाला.

पाय राहिला. घोट्यापासून पोटरीपर्यंतचा एक लचका मात्र गेला आणि मामा कायमचे लंगडत चालू लागले. पण उभे राहत. नोकरी टिकली.

बदल एकच झाला. कामावर परत आल्यावर पहिल्या दिवशी एक बाई पोराला घेऊन आली. मामांनी चष्मा कपाळावर चढवला, काडी उचलली आणि थांबले. मग धोतर जरासं वर करून आपली पोटरी दाखवली. "मी जळवा लावल्या होत्या," ते म्हणाले. "वर मीठ. आता तुम्ही सांगा, घरी काय लावलं?"

बाईने एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यानंतर आमच्या दवाखान्यात कोणी खोटं बोललेलं मला आठवत नाही. वास घ्यायची वेळच आली नाही. चिंचेखालच्या म्हातारीला मामा येताजाता रामराम करत आणि तिच्याकडून येणाऱ्या माणसाला फक्त विचारत, "मीठ नाही ना घातलं?"

काही वर्षांनी मामांचे पाय पुन्हा सुजले, ह्या वेळी दोन्ही. डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि मला बाहेर येऊन सांगितलं की आता कुठला जंतू नाही, हृदयच थकलं आहे. मामांनी नोकरी सोडली. दवाखान्यात नवा ड्रेसर आला. तो गोड बोलायचा आणि कोणाला काही विचारायचा नाही. पाचवा प्रश्न मीच विचारत राहिले.

एका रविवारी सकाळी मी अंबरनाथला गेले. मामा खाटेवर टेकून बसले होते, पाय उशीवर. ह्या वेळी चादर नव्हती. दोन्ही पायांवर घोट्यापासून वरपर्यंत जांभळ्या रेघा होत्या, एकीवर एक, प्रत्येकीशी तारीख आणि वेळ. अक्षर खालून वर जाताना अधिकाधिक थरथरत गेलं होतं.

"बघा बाई," मामा म्हणाले. "एकही पुसलेली नाही."

मी बघितलं. खरंच नव्हती.

"विचारा की," ते म्हणाले.

मी विचारलं. "घरी काय लावलं?"

"काही नाही. खरंच काही नाही. वास घ्या हवा तर."

मी वाकून वास घेतला. जांभळ्या औषधाचा तेवढा वास होता. मी म्हटलं, "नाही लावलं." मामांना केवढं बरं वाटलं! मग त्यांनी उशाखालून बाटली आणि काडी काढून माझ्या हातात दिली. "आजची तुम्ही काढा. मला वाकवत नाही."

मी गुडघ्याच्या वर रेघ काढली. रेघ वाकडी गेली. मी पटकन पदराचं टोक पुढे केलं, तशी मामांनी माझं मनगट धरलं. मी शेजारी दुसरी काढली. त्यांनी घड्याळात बघून वेळ सांगितली, ती मी लिहिली.

त्या आठवड्यातच मामा गेले. मला उशिरा कळलं. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनीच सांगितलं, शेवटची अंघोळ घालताना शेजारच्या माणसांनी साबण घेऊन पायावरचे डाग घासायला सुरुवात केली. तेव्हा मामी उठल्या आणि त्यांनी घासणाऱ्याचा हात धरला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "रेघ पुसायची नसते."